ईर्षा पायजे!

महत्त्वाकांक्षा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कॉलेजात, नाटकाच्या तालमीत, आणि तोही शिवी हासडल्यासारखा. तोवर आमच्या घरात तो कुणी उच्चारला नव्हता; उच्चारता आलाही नसता. आमच्याकडं त्याला ईर्षा म्हणायचे. पुस्तकातली मराठी बोलणारी माणसं ईर्षा म्हणजे मत्सर, दुसऱ्याचं बघून पोटात दुखणं, असं समजतात हे मला बापजन्मात ठाऊक नव्हतं. कोल्हापुरात ईर्षा ही चांगली गोष्ट. फुटबॉल ईर्षेनं खेळतात, निवडणुकीत मतदान ईर्षेनं होतं, आणि ज्याच्यात ईर्षा नाही तो गडी आमच्या पेठेत कुणाच्या खिजगणतीत नसायचा. आमचे आण्णा तर म्हैस विकत घेतानाही हेच बघायचे. दूध किती, कास कशी, वेत कितवं, हे सगळं नंतर. आधी तिच्या डोळ्यात बघायचे, मानेवर थाप मारायचे आणि दलालाला म्हणायचे, "ईर्षा हाय. सोडत न्हाय हिला."

आमचं घर पेठेत, गल्लीच्या तोंडालाच. दारातून आत आलं की आधी गोठा लागायचा आणि मग माणसांची खोली. नवीन पाहुणा आला की नाकाला रुमाल लावायचा, आणि आई त्याच्याकडं अशी बघायची की पुढच्या खेपेला तो रुमाल घरी ठेवून यायचा. आमच्या घरात गजराचं घड्याळ नव्हतं. चरवीत पडणारी पहिली धार हाच गजर. चरवी रिकामी असते तेव्हा धार टणटण वाजते, भरत आली की आवाज जाड होतो आणि फेस वर आला की नुसतं फसफसतं. अंथरुणात डोळे मिटून पडल्या पडल्या मला कळायचं की आज कुठली म्हैस रुसली आहे. न्याहारीला भाकरी, खरडा आणि आदल्या दिवशीचं दही. ते इतकं घट्ट की आण्णा बोटानं कापून भाकरीवर ठेवायचे. म्हैस व्याली की गल्लीभर खरवस जायचा, वेलदोड्याचा वास आठवडाभर घरातून जायचा नाही. संध्याकाळी आण्णा म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचे. आमच्या गावात लोक कट्ट्यावर म्हशीच्या शेजारी ग्लास घेऊन उभे राहतात आणि समोर काढलेलं कोमट दूध फेसासकट पितात. परवा माझी नात पुण्याहून आली होती, ती म्हणाली, "आजी, ई! उकळत पण नाहीत?" मी तिला ग्लास हातात दिला आणि म्हटलं, गप पी. प्यायली, आणि दुसरा मागितला.

दिवाळीचा पाडवा म्हणजे म्हशींचा सण. शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधायचा, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. मग सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवरून मालकानं पुढं सुसाट सुटायचं आणि त्या फाडफाड आवाजामागं म्हशीनं गर्दी फोडत धावायचं. आमची हरणी त्यात पटाईत. एका वर्षी तिनं दुसऱ्या पेठेतल्या एका नावाजलेल्या म्हशीला मागं टाकलं, तर आण्णांनी तिला अंगभर गुलालानं माखलं आणि भर गल्लीत ओरडून सांगितलं, "ईर्षा बगा पोरीची!" पोरीची म्हणाले. मी दारात आरतीचं ताट घेऊन उभी होते. बोर्डाच्या परीक्षेत मी शाळेत पहिली आले होते तेव्हा आण्णा म्हणाले होते, "बरं झालं," आणि वैरण कापायला गेले होते. मला त्या दिवशी हरणीचा हेवा वाटला. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

कॉलेजात नाटक बसवायला सर होते. पुण्याचे, सडसडीत, बोलायला लागले की हातातला खडू मोडायचे. माणूस वाईट नव्हता, नाटकावर जीव होता त्यांचा. पहिल्या दिवशी तालीम संपल्यावर मी म्हटलं, "सर, मी जातो." आमच्याकडच्या बायका 'जातो', 'येतो' असंच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. सर थबकले. "जाते म्हण. जाते." मी म्हटलं, "व्हय सर, जाते," आणि दारातून बाहेर पडताना मैत्रिणीला म्हटलं, "चल गं, मी जातो." सरांनी कपाळाला हात लावला, पण मुख्य काम मात्र मलाच दिलं. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो म्हणाले. जाणारच. म्हशींना हाका मारून तयार झालेला गळा तो.

नाटक जुनं, नावाजलेलं शोकनाटक होतं. आम्ही पोरं त्याला 'बुरूजवालं नाटक' म्हणायचो. मंजुळादेवी ही एका लहानशा जहागीरदाराची बायको. पहिल्या अंकात तिला स्वप्न पडतं की आपल्या डोंगरावर एक बुरूज उभा आहे, इतका उंच की वर चढलं की समुद्र दिसतो. सकाळी ती ते सांगते तर नवरा हसतो, सासू हसते, दासी तोंडाला पदर लावून हसतात. मंजुळादेवी हसत नाही. ती बुरूज बांधायला घेते. दुसऱ्या अंकात बादशहाच्या कानावर जातं की माझ्या बुरुजाहून उंच बुरूज कुणीतरी बांधतंय. तो फौज पाठवतो, नवरा लढाईत पडतो. तिसऱ्या अंकात तोफांनी अर्धा बुरूज ढासळतो आणि त्याखाली तिचा मुलगा जातो. शेवटी ती उरलेल्या अर्ध्या बुरुजावर एकटी चढते. धुरात समुद्र काही दिसत नाही. तेव्हा ती म्हणते, "माझं घर कुणी जाळलं म्हणून विचाराल, तर बादशहाचं नाव घेऊ नका. स्वप्न मी पाहिलं. ही सगळी माझी ईर्षा!" एवढं म्हणून गुडघे टेकायचे, कपाळ दगडाला लावायचं आणि प्राण सोडायचा. मग पडदा.

सर आम्हाला समोर बसवून समजवायचे. शोकनाटकात स्वप्नाचं काम काय, महत्त्वाकांक्षेचं काम काय. "स्वप्न म्हणजे तिच्या पायाखालचा सापळा. ती महत्त्वाकांक्षेनं आंधळी झाली, म्हणून तिचा नाश अटळ आहे. शेवटी तिला स्वतःची चूक कळते, ती वाकते, आणि प्रेक्षक शहाणा होऊन घरी जातो." सगळे माना डोलवायचे. मला मात्र ते घशाखाली उतरेना. एक दिवस मी हात वर केला.

"सर, पर तोफा कुणाच्या हुत्या?"

"कसल्या तोफा?"

"बुरूज पाडला त्या. बादशाच्याच की."

"बादशहा निमित्त आहे. दोष तिच्या स्वभावात आहे. तिनं आपली पायरी ओळखली नाही."

"बादशाचा बुरूज बी उंच हुता की. त्याला का न्हाय लागला दोष?"

"मालन, तो बादशहा आहे," सर म्हणाले आणि सगळी पोरं खो खो हसली. मला हसू आलं नाही. पहिल्या अंकात मंजुळादेवीलाही आलं नव्हतं.

त्या शेवटच्या वाक्यानं तर तालमीत मला आणि सरांना दोघांनाही जेरीस आणलं. सरांना हवं होतं की 'ईर्षा' म्हणताना माझा आवाज फुटावा, पाप कबूल केल्यासारखा. माझ्या तोंडून तो शब्द निघायचा तो छातीतून, पाडव्याला आण्णा म्हणतात तसा. "मान खाली! मान का वर जाते तुझी?" सर ओरडायचे. मी म्हणायची, "सर, आमच्यात असंच म्हणतात." "तुमच्यात काय म्हणतात ते मला नको सांगू, नाटककारानं काय म्हटलंय ते म्हण!" मी मान खाली घालून पुन्हा म्हणायची, आणि शब्द पुन्हा वर यायचा. दोष नाटककाराचा नव्हता, सरांचाही नव्हता. त्यांचा शब्द वेगळा होता आणि आमचा वेगळा.

घरी आईची अडचण तिसरीच. तिनं विचारलं, "शेवटी काय हुतंय त्या बाईचं?" मी म्हटलं, "मरती." आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "लगीन व्हायच्या आदी मरायचं काम घेतलंस? अगं, तुला दुसरं काय काम मिळालं न्हाय? दासीचं घे, पाणी भरायचं घे. मरू नको बाई." तिनं अंबाबाईला नवस बोलला की पोरगीला रंगमंचावर मरण येऊ देऊ नकोस. देवी कुणाचं कसं ऐकेल सांगता येत नाही.

आण्णांची परवानगी काढायला सर स्वतः घरी आले. गोठ्यातून आत येताना त्यांनी रुमाल काढला, आईकडं बघितलं आणि रुमाल खिशात घातला. आण्णांनी त्यांना ताज्या धारेचं दूध दिलं. मिशीला फेस लावून सर बोलत राहिले: स्पर्धा आहे, गावात पहिली फेरी, निवड झाली तर पुढची फेरी मुंबईला, मुलीत गुण आहे. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गुण हाय ते मलाबी म्हाईत हाय. एक खेळ करूद्या. गावात, आमच्या डोळ्यादेखत. पडदा पडला की बास. मुंबईबिंबई न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या रविवारी पावणं येणार हाईत." पोरगा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत होता, घरचं गाव शाहूवाडीकडं, भाताची शेती. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण मला तर मुंबईला जायचं होतं. ढासळलेल्या बुरुजावर उभं राहायचं होतं, आणि मंजुळादेवीला जो समुद्र दिसला नाही तो बघायचा होता. एवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळणार नव्हतं.

खेळाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं ते पेठेच्या माणसांनी. कट्ट्यावरचे सगळे म्हैसवाले फेटे बांधून आले होते, आण्णांच्या पोरीचं काम बघायला. पहिल्या रांगेत परीक्षक, त्यांच्या मागं गावातली शिकलेली मंडळी, आणि मग थेट दारापर्यंत आमची पेठ. मी विंगेतून बघितलं तर आई खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती, हात जोडून. आण्णा मागं भिंतीला टेकून उभे. खुर्ची असून उभे.

पहिल्या अंकात मंजुळादेवीचं स्वप्न ऐकून सासू हसली तेव्हा मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हसायला काय झालं म्हातारीला?" दुसऱ्या अंकात बादशहाचा निरोप आला तेव्हा सगळ्या थिएटरात चुळबुळ झाली. नवरा पडला, मुलगा गेला, तेव्हा मला मागच्या रांगांतली बायकांची मुसमुस ऐकू आली. पेठेतली माणसं नाटक बघत नव्हती, माझ्या बाजूनं उभी होती. आणि मग मी अर्ध्या बुरुजावर चढले. लाकडी फळ्यांचा बुरूज तो, पाय ठेवला की कुरकुरायचा. धूर सोडला होता, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "माझं घर कुणी जाळलं म्हणून विचाराल, तर बादशहाचं नाव घेऊ नका. स्वप्न मी पाहिलं. ही सगळी माझी ईर्षा!"

मान वर गेली. सगळी तालीम वाया गेली आणि शब्द आण्णांच्या आवाजात आला. मग मागून एक आरोळी आली, "ईर्षा पायजे!" लगेच दुसरी, "व्हय की! पायजेच!" आणि मग थिएटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी फेटा हवेत फेकला. त्यांच्या हिशेबी सरळ गोष्ट होती: बाईनं बादशहाला शेवटपर्यंत भीक घातली नाही, सगळं जळून गेलं तरी छाती काढून सांगते, ही माझी ईर्षा! नाटककारानं जे पापाची कबुली म्हणून लिहिलं, ते आमच्या पेठेला शड्डू ठोकल्यासारखं ऐकू आलं. आणि खरं सांगू? मलाही तसंच ऐकू आलं.

आता गुडघे टेकायचे होते. विंगेत सर दोन्ही हातांनी खाली, खाली अशी खूण करत होते. गुडघे वाकेनात असं नंतर मी काही लोकांना सांगितलं, ते खोटं. वाकले असते. मी वाकवले नाहीत. मी बुरुजावर उभी राहिले आणि धुरातून समोर बघत राहिले, जिथं समुद्र असायला हवा होता तिथं. पडदा ओढणारा माझ्या मरणाची वाट बघत दोरी धरून थांबला होता. मी मरेना. टाळ्या थांबेनात. शेवटी सरांनीच त्याला ढोसलं तेव्हा पडदा पडला.

"शोकनाटकाची जत्रा केलीस!" सर म्हणाले. "तू मेली नाहीस!"

"न्हाय मेलो, सर."

"मेले!" ते ओरडले आणि स्वतःच गप्प झाले. तेवढ्यात आई धावत आत आली, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि सरांना म्हणाली, "लई उपकार झालं मास्तर. न्हाय मारलंसा माझ्या पोरीला."

निवड झाली. परीक्षकांनी एवढंच सांगितलं की शेवट लिहिल्याप्रमाणे करावा. घरी येताना आण्णांना गल्लीच्या प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी अडवत होतं, पाठीवर थाप मारत होतं, "आण्णा, पोरगीत ईर्षा हाय हं!" आण्णांची मिशी हलत होती. गोठ्यात पाय ठेवल्यावर म्हणाले, "झालं. हौस फिटली. आता परत नाव काढायचं न्हाय."

रविवारी पावणे आले. पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरून आईनं ताट माझ्या हातात दिलं. पोरगा खाली मान घालून बसला होता, बोटांना फौंड्रीची काजळी, कितीही धुतली तरी न जाणारी. त्याच्या मामांनी विचारलं, "पोरगी नाटकात काम करती म्हणं?" आण्णा म्हणाले, "करत हुती. सोडलं आता." माझ्या हातात ताट होतं. तोंड उघडायची माझी पाळी नव्हती, ते मला चांगलं ठाऊक होतं.

"सोडलं न्हाय," मी म्हटलं. "मंगळवारी मुंबईला जायाचं हाय."

मामांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. आण्णा म्हणाले, "आत जा." मी ताट ठेवून आत गेले. पोरगा जाताना दारात क्षणभर थांबला, आईला म्हणाला, "काकी, पोहे छान झालते," आणि गेला. चांगला होता बिचारा. त्याचं पुढं चांगलंच झालं असेल.

आण्णांनी शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं. ते बोललेच नाहीत. सोमवारी संध्याकाळी ते कट्ट्यावर निघाले, म्हशी सोडत होते, तेव्हा मीच गोठ्यात गेले. मनात म्हटलं, आता मी नाही बोलले तर जन्मभर फळ्यांचाच बुरूज.

"आण्णा, म्हशीला ईर्षा असली की गुलाल उधळता. लेकीला असली की दार लावता?"

त्यांनी हरणीचं दावं सोडलं, हातात गुंडाळलं. मग म्हणाले, "म्हस सांजच्याला घरला येती."

याला उत्तर नाही असं त्यांना वाटलं असावं. मग ते माझ्या तोंडातून आपोआप आलं, कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"मी बी येतो, आण्णा. पर दावणीला न्हाय."

ते म्हशी घेऊन निघून गेले. परवानगी मिळाली नाही. ती मला शेवटपर्यंत मिळाली नाही, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण मुलाखतीत लोक विचारतात, "मग वडिलांचं मन कसं वळलं?" वळलं नाही. मी गेले. मंगळवारी सकाळी आईनं भाकरी आणि खरड्याचं गाठोडं बांधून दिलं, दारापर्यंत आली आणि कानात म्हणाली, "तिथं बी मरू नको."

मुंबईत खेळाच्या आधी सगळे समुद्र बघायला गेलो. काय सांगू, मोठा होता. पलीकडचं काही दिसेना, आणि तेवढ्यानंच मला रडू फुटलं. मंजुळादेवीची बाजू त्या दिवशी मला पूर्ण पटली. एवढं दिसणार असेल तर बुरूज बांधायलाच पाहिजे की! खेळाला मुंबईचे लोक नीटनेटके बसले होते. शेवटचं वाक्य मी म्हटलं, मान वर करून म्हटलं, आणि पुढं काहीच आलं नाही. शिट्टी नाही, आरोळी नाही. त्यांच्या कानात ईर्षा म्हणजे मत्सर. एक मत्सरी बाई पाप कबूल करते आहे आणि तरी ताठ उभी आहे, हे त्यांना कळेना. विंगेत सर हात जोडून उभे होते, खाली, खाली. कोल्हापुरात टाळ्या होत्या म्हणून उभी राहिले असं कुणी म्हणू नये म्हणून सांगते: टाळ्या नव्हत्या, तरी मी उभीच राहिले. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी सांगितलं, मुलीला भूमिका समजली नाही. सरांनी मला पुन्हा काम दिलं नाही. मग त्या नाटकातल्या आम्ही चौघींनी मिळून आमचीच नाटकं बसवायला घेतली, आणि ते पुढं आयुष्यभर चाललं.

आजकाल माझ्याकडं नाटक शिकायला पोरं येतात. परीक्षेचा प्रश्न घेऊन येतात: शोकनाटकात स्वप्नाची आणि महत्त्वाकांक्षेची भूमिका काय? मी म्हणते, मार्क पाहिजेत तर सर म्हणायचे ते लिहा, नायिकेचा दोष, नायिकेचा नाश. आणि मला विचाराल तर आधी बघा तोफा कुणाच्या आहेत. स्वप्नानं कुणाचं घर जळत नाही. जाळणारा वेगळाच असतो, आणि मरता मरता बाईनं स्वतःचंच नाव घ्यावं अशी त्याची इच्छा असते. माझी एक विद्यार्थिनी यावर म्हणाली, "मॅडम, नाद खुळा!" तिला सांगितलं, हे उत्तरपत्रिकेत लिहू नकोस.

तर मुंबईहून परत आले तेव्हा संध्याकाळ होती. मी बॅग दारातच टेकवली आणि गोठ्यात गेले. आण्णा त्या दिवशी कट्ट्यावर गेले नव्हते. हरणीच्या कासेशी बसून धार काढत होते, तिथूनच म्हणाले, "काय झालं?"

"हरलो."

धार थांबली नाही. "पाठ लागली?" त्यांनी विचारलं. आमच्या गावात पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती हरली असं कुणी म्हणत नाही.

"न्हाय."

"गुडघा?"

"गुडघा बी न्हाय टेकला."

"मग हरलो कशाला म्हणतीस?" चरवीतला आवाज आता जाड झाला होता. मग म्हणाले, "पर आता बास. परत जायाचं न्हाय."

"जाणार."

"न्हाय म्हटलं न्हवं?"

"पुढच्या साली परत जाणार, आण्णा."

ते उठले. फेसानं भरलेली चरवी त्यांनी माझ्या हातात दिली, हरणीच्या पाठीवर थाप मारली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "ईर्षा बगा पोरीची."

हरणी तर दाव्याला बांधलेली, गप उभी होती.